आंबेघाट आला की वाकायचं

जोयड्याला लोक जातात ती कारणं तुम्हाला माहीतच आहेत. वाघ दिसेल म्हणून, धनेश पक्षी दिसेल म्हणून, नाहीतर काळी नदीत राफ्टिंग करून ओलेचिंब फोटो काढायला म्हणून. मी गेले ती आईची माफी मागायला. तोंडावर मागायची हिंमत नव्हती, म्हणून शंभरेक किलोमीटरचा वळसा.

झालं असं, की भाच्याच्या साखरपुड्यात जेवणं उरकून सगळे गप्पा मारत बसलो होतो. आई रंगात आली. तिचं माहेर सुप्याकडचं, काळी नदीच्या काठावरचं. ती लग्न होऊन बेळगावला आली, पुढं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. "आमच्याकडं तारी लोक होडी हाकताना गाणं म्हणायचे," आई सांगत होती. तारी म्हणजे होडीवाला. "त्या गाण्यात आमचा नदीवरचा आंबेघाट होता. नावासकट!"

त्यावर माझा मामा, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, फिस्सकन हसला. "अगं आक्का, घाट कसला तो? चार धोंडे आणि एक आंबा. त्याच्यावर कोण गाणं रचतंय?" भाचा म्हणाला, "आजी, मग रॉयल्टी मागून घ्या की!" झालं, हशा पिकला. मीही हसले. चांगली पोट धरून हसले. आईनं आपली वाटी उचलली आणि ती आत निघून गेली.

त्या दिवसापासून माहेराचा विषय बंद. जी बाई आमटीत मीठ कमी पडलं तरी "आमच्याकडं नदीकाठी" असं म्हणून सुरुवात करायची, तिच्या तोंडून तीन महिन्यांत नदीचा न निघेना. मला ते खायला उठायला लागलं. हजारदा ऐकलेल्या गोष्टीला हजार एकाव्यांदा हूं म्हणायला काय जात होतं माझं? शेवटी ठरवलं, ते गाणं शोधायचं. आईचं खरं निघालं तर मामाच्या कानाला धरून ऐकवायचं. खोटं निघालं तर गप्प बसायचं आणि आईला साडी घ्यायची.

चार ठिकाणी विचारल्यावर सुप्याच्या जलाशयाकाठच्या एका गावातल्या सुनंदाचा पत्ता लागला. ती घरातच दोन खोल्या पाहुण्यांना देते. (गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.) फोनवर म्हटलं, होडीचं गाणं ऐकायचंय. ती म्हणाली, "ते आमच्या अज्जाचं. पण घरात न्हाई म्हणत ते. बाजाराच्या आदल्या दिशी या." अज्जा म्हणजे तिचे सासरे. इकडं आजोबांना अज्जाच म्हणतात.

दिवाळी उलटून गेली होती. सकाळी साडेसहाला बेळगाव सोडलं. गाडीत मी आणि माझा नवरा विनय. विनय बँकेत आहे, पण मनानं तबलजी. स्टिअरिंगवर बोटं वाजत असतात, आणि सिग्नल लाल असला की तिहाई घेतो. खानापूरपर्यंत रस्ता बरा, पुढं लोंढ्याकडं कुठं लोण्यासारखा, कुठं आतडी गोळा करणारा. त्यात विनयचं व्याख्यान: "हे बघ शैला, लोकसंगीताचं मूळ तालात आहे. आधी ताल, मग सूर, शब्द सगळ्यात शेवटी. हे होडीचं गाणं हजार वर्षांचं तरी असणार. माझ्या अंदाजानं दादरा." मी म्हटलं, आधी समोरचा खड्डा बघ.

रामनगरला मामाचं किराणा दुकान आहे. मामीनं घावन आणि चटणी खायला घातली. कुठं निघालो ते सांगितल्यावर मामा वजनकाट्यामागं हसायला लागला. "आक्काच्या नादी लागलीस होय! अगं, मी तिथलाच ना?" मी म्हटलं, "मामा, तू सहाव्या वर्षी खानापूरला आत्याकडं शिकायला गेलास. तुला काय माहिती?" "चार धोंडे होते," मामा म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळला. जाणाऱ्यांसाठी सूचना: डिझेल आणि रोख पैसे रामनगरलाच घ्या. पुढं फोनची रेंज लहर लागेल तशी येते.

जोयड्याच्या पुढं डांबर संपतं, लाल माती सुरू होते. दहा-बारा किलोमीटरला पाऊण तास लागला. एका वळणावर शेकरू आडवं गेलं. विनयनं गाडी थांबवून मोबाइल काढेपर्यंत ते दोन झाडं पुढं गेलं होतं. मग एकदम झाडी संपली आणि समोर पाणी. नदी नाहीच ती, नजर पोचेल तिथवर पाणी आणि त्यातून वर आलेल्या टेकड्या. आई ज्याला नदी म्हणते ते कुठंतरी ह्याच्या पोटात होतं. मला उगाच भरून आलं. विनय म्हणाला, "चहा मिळतो का बघू."

सुनंदाचं घर कौलारू, अंगण शेणानं सारवलेलं. दोघांचं राहणं, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता धरून अडीच हजार. जेवणात उकडलेले करांदे, म्हणजे इकडचे रानकंद, लाल भात, कोकमाची कढी आणि एक आंबट-तिखट चटणी. विनयनं चटणी तीनदा मागून घेतली. सुनंदानं पदराआड हसत सांगितलं, की ही झाडावरच्या लाल मुंग्यांची. विनय क्षणभर थबकला, मग म्हणाला, "आता पोटात गेल्या त्या गेल्या, अजून थोडी वाढा."

अज्जांची साठी कधीच उलटलेली. बारकुडे, पण दंड बघावेत तर लाकडाचे. नाव म्हादू. मी गाण्याचं काढलं तर मान हलवली.

"घरात न्हाई म्हणायचं त्ये, बाई."

"देवाचं आहे का?"

"द्येवाचं न्हाई. हातात वल्हं नसलं तर म्होरलं येतच न्हाई."

विनयला ते पटेना. त्यानं स्टीलचं ताट उपडं घातलं आणि दादरा धरला. बिचाऱ्या अज्जांनी पाहुण्यांचा मान म्हणून दोन ओळी म्हटल्या आणि अडकले. पुन्हा म्हटल्या, पुन्हा तिथंच अडकले. उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. "बघा," सुनंदा म्हणाली, "मी सांगत न्हवते? गेल्या साली कोण पोरं आली होती रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन, त्यास्नी बी न्हाई जमलं." उद्याही असंच अडकलं तर? मी आंबेघाटाबद्दल विचारणार होते, पण विचारलं नाही. आपण विचारलं की माणसं भिडेखातर हो म्हणतात, आणि मला तसलं हो नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला धक्क्यावर. धक्का म्हणजे काय, बांधून ठेवलेली होडी आणि उतरायला दोन फळ्या. ही होडी गावकऱ्यांची आहे, पर्यटकांची नव्हे. पलीकडच्या काठावरून बाजाराची बस मिळते, तिच्यासाठी ही जाते. आम्ही आणलेली लाइफ जॅकेटं घालून बसलो तर सगळ्यांनी आमच्याकडं वरात बघावी तसं बघितलं. होडीत सात माणसं: अज्जा आणि त्यांचा जोडीदार वल्ह्यांवर, सुनंदा, पालेभाजीच्या पाट्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या आणि आम्ही दोघं. पाण्यावर धुकं होतं आणि थंडीनं माझे दात वाजत होते.

होडी निघाली. गाणं नाही, काही नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अज्जा गप्प वल्हं मारत होते. मी सुनंदाला कोपरानं डिवचलं. ती म्हणाली, "थांबा की अक्का. अजून नदी आली न्हाई."

मी चारी बाजूला पाहिलं. पाणीच पाणी, आणि म्हणे नदी आली नाही! तेवढ्यात अज्जांनी डावीकडची टेकडी पाहिली, उजवीकडची पाहिली, आणि म्हणाले, "आली." आणि जो आवाज लागला! रात्री ताटाच्या तालावर लंगडणारा माणूस हाच का, असं वाटावं.

कळक टेक रे, कळक टेक,
म्हशीचा धोंडा म्होरं एक.
डावं घे रे, डावं घे,
म्हशीला वाट सोडून दे.

आणि होडी खरंच डावीकडं वळली. सपाट, मोकळ्या पाण्यात, समोर काहीही नसताना! विनयनं न राहवून विचारलं, "सरळ का नाही जात? वाचेल की वेळ." अज्जांचा जोडीदार म्हणाला, "धोंडा हाय न्हवं." "कुठाय?" "खाली. लई खाली. आता काय लागत न्हाई तो." "मग वळता कशाला?" "गाण्यात वळण हाय," तो म्हणाला, जणू विनयनं सूर्य पूर्वेलाच का उगवतो असं विचारलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे गाणं म्हणजे नदीचा रस्ता होता. कुठं खडक, कुठं भोवरा, कुठं पाणी उथळ, सगळं ओळीओळीत बांधलेलं, म्हणजे विसरायची सोय नाही. कळक म्हणजे लांब बांबू. पूर्वी तो तळाला टेकवून होडी रेटायचे. आता तळ हाताला लागत नाही, वल्ही आली, पण गाण्यात कळक टेकतोच आहे. विनयची बोटं फळीवर वाजून वाजून थांबली. खडक जवळ आला की गाणं घाई करत होतं आणि वळण सरलं की सैल पडत होतं. दादरा नाही, केरवा नाही, काही नाही. म्हाताऱ्याचा दंड थकेल तसा ताल.

भोवऱ्याचं कडवं झालं. पिंपळाचं झालं. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसले होते. सहावं कडवं गेलं, सातवं गेलं. आंबेघाटाचं नाव नाही. मी मनात साडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला. आणि मग:

कळक टेक रे, कळक टेक,
आंबेघाटाव पोर हाय एक.
लांबनं हाण रे, लांबनं हाण,
म्हणती माझी शेळी आण.

आणि होडीतल्या सगळ्यांनी मुंड्या खाली घातल्या. अज्जांनी, जोडीदारानं, सुनंदानं, पाटीवाल्या म्हाताऱ्यांनी सुद्धा. "वाका, वाका!" म्हणून सुनंदानं माझं डोकं खाली दाबलं. विनय वाकायच्या आधीच घाबरून आडवा झाला होता. होडी काठापासून दूर, मोठ्ठा वळसा घेऊन गेली. काठ तरी कुठं होता म्हणा! दोन क्षणांनी सगळे सरळ बसले आणि गाणं पुढं निघालं.

मी ओरडलेच, "आंबेघाट! आईचा आंबेघाट!" पाटीवाल्या म्हातारीनं, पोरीला पाण्याचं भ्या वाटतंय, म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुढं तीनच कडवी आणि गाणं मध्येच थांबलं. पलीकडचा काठ अजून चांगला लांब होता. अज्जांनी वल्हं आडवं ठेवलं. मी म्हटलं, "अज्जा, म्हणा की अजून."

"नदी सरली, बाई. हितनं म्होरं भाताची शेतं हुती. शेतात कोण होडीचं गाणं म्हणतंय?"

आणि मग, मी खोटं सांगत नाही, त्या दोन म्हाताऱ्यांनी भातलावणीचं गाणं धरलं. पाण्यावर. बुडालेल्या शेतांवर. सुनंदाही त्यांच्यात मिसळली. पुरुष गप्प वल्ही मारत राहिले, कारण लावणीचं गाणं बायकांचं. काठाला होडी लागेपर्यंत त्या गात होत्या. आता कळलं ना, गावाचं नाव का लिहिलं नाही? ही माणसं बाजाराला जात होती, कार्यक्रम करत नव्हती. तुम्हाला ऐकायचं असेल तर अशा काठाच्या गावात जा, राहा, विचारा, आणि नाही म्हणाले तर करांदे खाऊन या. तेही वाया जाणार नाही.

पलीकडं चहा घेताना अज्जांना विचारलं, ती पोर कोण?

"कुणाला म्हाईत! माझा बा वाकायचा, म्हणून मी वाकतो. धोंडं मारती म्हणं होडीवर. लोक म्हणतेत, पाण्यातली द्येवी हाय. पावसाळा सरला की पयल्या होडीला आमी पानावर गूळ ठेवून सोडतो तिला."

"आणि शेळी?"

"शेळी कुठनं आणायची, बाई? गुळावर भागवतो."

"बघ," विनय माझ्या कानात म्हणाला, "देवता, नैवेद्य. हजार वर्षं नक्की."

तिसऱ्या दिवशी परत निघालो. उळवीला जाऊन यायचा बेत होता, पण मला दम निघेना. (तुम्ही जा. देऊळ शांत आहे आणि जंगलातला रस्ता सुंदर आहे, पण अंधार पडायच्या आत परता.) रामनगरला दुकानातच मामाच्या कानाला मोबाइल लावला. मामा ऐकत गेला. आंबेघाटाच्या ओळीला साखरेचा पुडा त्याच्या हातात तसाच राहिला. "पुन्हा लाव," म्हणाला. चारदा लावलं. मग त्यानं मामीला गल्ल्यावर बसवलं, टोपी घातली आणि न विचारता गाडीत मागं जाऊन बसला. बेळगावपर्यंत एकदाच बोलला, "मी हसायला नको होतं गं."

आई सुपात शेंगदाणे निवडत बसली होती. भावाला बघून तिच्या भुवया वर गेल्या. मी सूप बाजूला घेतलं आणि गाणं लावलं. म्हशीच्या धोंड्याला तिचे ओठ हलायला लागले. पिंपळाच्या कडव्याला तिनं डोळे मिटले. आणि आंबेघाट आला तशी आईनं पदर तोंडात कोंबला आणि खांदे गदगदायला लागले. मी घाबरले, म्हटलं रडतेय. ती हसत होती.

"मेले!" आई म्हणाली. "अजून म्हणतायत?"

"आई, ते लोक म्हणतात ती पोर म्हणजे पाण्यातली देवी आहे. तिला गूळ देतात."

"हजार वर्षांची परंपरा आहे आई," विनय म्हणाला.

"मी काय हजार वर्षांची दिसते का रे तुला?"

कुणाच्या काही ध्यानात येईना. आईनं पदरानं डोळे पुसले. "चांदी नाव होतं तिचं. पांढरीशुभ्र, कपाळावर काळा टिळा. मी वाढवलेली. बाबांनी विकली. तारी तिला होडीत घालून घेऊन गेला, आणि ती माझ्याकडं बघून ओरडत होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मग जी होडी घाटावरनं जाईल तिला मी धोंडे मारायची. चांगले दोन पावसाळे मारले. नेम बरा होता माझा. त्यांनी मग गाण्यातच घातलं मला. इतकी लाज वाटायची! कुणाला सांगायची सोय नव्हती."

"पण सांगितलं का नाहीस गं त्या दिवशी? सगळे हसत होते तेव्हा?" मी म्हटलं. "घाटाचं तेवढं सांगितलंस आणि स्वतःचं ठेवलंस."

आई सुपातला एक खवट दाणा बाजूला काढत राहिली.

"शेळी का विकली आजोबांनी?" विनयनं विचारलं.

"घरात तापानं फणफणलेलं पोर होतं. दांडेलीला डॉक्टरकडं न्यायचं होतं." आईनं मामाकडं पाहिलं नाही. पण घरात तिच्याहून लहान एकच होता, आणि तो आता टोपी हातात घेऊन समोर बसला होता.

मग मामा घसा खाकरून म्हणाला, "आक्का, मी घेऊन देतो तुला शेळी. पांढरी."

"आणि बांधू कुठं? गच्चीवर?" आईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "चहा घेणार का? साखर कमी घालते, तुला डॉक्टरनं नको सांगितलंय."

"तुला आवडेल तशी घाल," मामा म्हणाला. सगळ्यात आधी हसलेला माणूस, पण डोळ्यांत पाणी.

मला माझीही माफी उरकून घ्यायची होती. "आई, चुकले मी. मीही हसले होते."

"माहितेय. दिसलीस मला." ती उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "होडीत किती माणसं होती गं?"

"सात."

"सगळी वाकली?"

"सगळी. मी पण. हा तर आडवाच झाला."

आईनं विनयकडं एकदा समाधानानं बघितलं.

"अज्जांना फोन करून सांगू का, की ती तू होतीस म्हणून? आता वाकायची गरज नाही म्हणून?"

"काही सांगू नकोस," आई म्हणाली. "वाकू देत. शेळी कुठं आणून दिलीय त्यांनी अजून?"